निकॉन डी७२०० + २००-५०० विकून लहान सेन्सरवर जावं का? खांद्याचा प्रश्न आहे

टिबुकली

नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहिते क्वचित. आज जरा लांबड लावून राहिले, सांभाळून घ्या.

माझ्याकडे निकॉन डी७२०० कॅमेरा आणि २००-५०० एफ/५.६ ही लांबचं काढायची लेन्स आहे. घरच्या कार्याला आणि मारबतीच्या मिरवणुकीला १८-१४० लेन्स. बँकेत नोकरी, म्हणून फोटो म्हणजे रविवारची सकाळ, दुसरा-चौथा शनिवार आणि थंडीत मारलेली एखादी सुट्टी. नागपुरातले अंबाझरी आणि गोरेवाडा नेहमीचे, जमलं तर सिल्लारी किंवा उमरेड-कऱ्हांडला. वाघ दिसला तर आनंदच, पण मी जाते ती पाखरांसाठी. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत मी चुकवत नाही, माहेर इतवारीतलं आहे.

तर झालं असं की उजवा खांदा धरला. फिजिओथेरपीवाल्या पोरीने विचारलं, काकू, असं काय उचलता तुम्ही? पुढच्या वेळी बॅगच घेऊन गेले. तिने लेन्स एका हाताने उचलून पाहिली, दोन्ही हातांनी खाली ठेवली आणि माझ्या कागदावर काहीतरी खरडलं. घरी येऊन वाचलं तर "वजन उचलणे बंद".

कॅमेरा ७६५ ग्रॅम, लेन्स कॉलरसकट (स्टँडला लावायच्या कडीसकट) २३०० ग्रॅम. तीन किलोच्या वरच गेलं. मोनोपॉड आहे, तळ्यावर चालतो. जिप्सीत बीन बॅग ठेवते, पण त्रास टेकवण्याचा नाहीच. गाईड "डावीकडे, डावीकडे!" म्हणतो आणि मांडीवरचं धूड दुसऱ्याच्या डोक्यावरून तिकडे न्यावं लागतं, तेव्हा खांद्यात कळ येते. शेजारच्या सीटवरच्या माणसाचा चेहरा तर बघवत नाही.

म्हणून मायक्रो फोर थर्ड्सचा, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचा, विचार करून राहिले. ओएम सिस्टिमचा ओएम-१ किंवा पॅनासोनिकचा जी९ टू, आणि त्याच्यावर १००-४००. व्हिडिओत सगळे गोडच बोलतात. मला जाणून घ्यायचं आहे ते एवढंच, की डिसेंबरात सकाळी साडेसहा-सातला, धुकं असताना, हा लहान सेन्सर रडतो का? नागपुरात दुरुस्तीचं काय? आणि जुनं विकून वर लाख-सव्वा लाख घालायची तयारी आहे, त्यात बसेल का? जुनं घ्यायलाही हरकत नाही.

"मोबाईलच वापरा" असं कृपया कोणी सांगू नका. घरात तीन जण सांगून चुकले.

एफएक्सवाला

ताई, तुम्ही उलट्या दिशेने निघालात. लोक लहानाकडून मोठ्याकडे जातात. फुलफ्रेम (मोठा सेन्सर) घ्या, निकॉन झेड६ थ्री आणि १८०-६००. एकदाच खर्च, पुन्हा बघायला नको. मायक्रो फोर थर्ड्स संपली, आता कोण घेतं ते?

टिबुकली

१८०-६०० कॉलरसकट २१४० ग्रॅम आहे हो भाऊ. कॅमेरा आणखी ७६० ग्रॅम. उचलायला तुम्ही येणार का?

सेमिनरी हिल्स

ताई, मी डी५०० आणि हीच २००-५०० वापरायचो. आता ओएम-१ आणि ३०० एफ/४ आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. मोठं लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी "संपली" त्याबद्दल. ऑलिम्पस आणि पॅनासोनिकने मिळून ही पद्धत २००८ मध्ये आणली. ऑलिम्पसचा कॅमेऱ्याचा धंदा १ जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्युशन्सकडे गेला, आणि तेव्हापासून दर वर्षी कोणीतरी तिचं तेरावं घालून राहिला आहे. त्यानंतर ओएम-१ आला २०२२ मध्ये, जी९ टू २०२३ मध्ये, ओएम-१ मार्क टू २०२४ मध्ये. पन्नास वर्षं टिकेल का, कोणी सांगावं. पण तुमची डीएसएलआरची माउंट तरी कुठे वाढून राहिली आहे?

आता प्रकाश. लोक "दोन स्टॉपचं नुकसान" म्हणून घाबरवतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). तो हिशेब फुलफ्रेमशी आहे, आणि तुम्ही फुलफ्रेमवर नाहीच. तुमचा डीएक्स सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमी, हा १७.३ × १३ मिमी. गुणाकार करा, ३६६ आणि २२५ चौरस मिमी. पाऊण स्टॉपच्या आसपास फरक येतो. एवढ्याने कोणी रडत नाही.

पण पाखरांच्या बाबतीत सेन्सर सोडा, लेन्सचं तोंड बघा. लांबच्या पाखराकडून येणारा प्रकाश किती गोळा होणार, ते त्या भोकाच्या रुंदीवर ठरतं. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागा. २००-५०० चं तोंड ५०० भागिले ५.६, म्हणजे ८९ मिमी. १००-४०० चं ४०० भागिले ६.३, म्हणजे ६३ मिमी. वर्ग करून पाहा, पाखराचा प्रकाश जवळपास निम्मा झाला. पूर्ण एक स्टॉप. माझ्या ३०० एफ/४ चं तोंड ७५ मिमी आहे, तिथे अर्धा स्टॉपच जातो. फिल्टरचे आकडे पाहिले तरी कळेल, निकॉनला ९५ मिमीचा लागतो, ओएमच्या १००-४०० ला ७२ चा, ३०० ला ७७ चा. वजन कमी झालं ते तिथे. सेन्सर लहान केला म्हणून जादू झाली नाही, काच कमी झाली म्हणून पिशवी हलकी झाली.

पाखरावर पडणाऱ्या पिक्सेलांचं म्हणाल तर ओएम-१ चे पिक्सेल तुमच्या डी७२०० पेक्षा बारीक आहेत. त्यामुळे त्याच्यावर ४०० मिमी आणि तुमच्याकडे ५०० मिमी, दोन्हींत वेडा राघू जवळपास तेवढाच मोठा येतो. माझ्या ३०० वर तो लहान येतो. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारी जोडकाच) लावावा लागतो, आणि मग वर कमावलेला अर्धा स्टॉप पिक्सेलांमागे वाटून जातो. फुकट काहीच नाही.

गोरेवाड्याच्या थंडीतलं सांगतो. धुक्यात, सूर्य झाडांवर यायच्या आधी, शटर १/५०० ठेवायचा तर मी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० वर असतो. फाईल कॅमेऱ्यातून आली तशी पाहिली तर पिसांवर वाळू पसरल्यासारखी दिसते. लाईटरूममध्ये २०२३ पासून जो डिनॉइज आला आहे तो मारला की ए३ छापण्याइतकी होते. डी५०० ची फाईल त्याच प्रकाशात कमी त्रास द्यायची, हे खरं आहे, लपवत नाही. पण डी५०० ची फाईलही मी त्याच डिनॉइजमधून काढतो, म्हणजे फरक तसाच राहतो, फक्त दोन्ही वर सरकतात.

आयबिसचा, म्हणजे बॉडीतल्या स्थिरीकरणाचा, गवगवा खूप आहे. बसलेल्या पिंगळ्याला बेस्टच. ३०० वर १/६० हातात धरून घेतो, आयएसओ ८०० वर येतो. पण उडत्या चक्रवाकाला आयबिस काय करणार? पंख हलायचे ते हलणारच.

मग मी बदललं काहून? प्रो कॅप्चर. बटण अर्धं दाबून ठेवायचं, कॅमेरा आतल्या आत फोटो घेत राहतो आणि फेकत राहतो. तुम्ही पूर्ण दाबलं की त्याच्या आधीचे काही फोटो कार्डावर येतात. अंबाझरीच्या काठाला कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडतो आणि एकदम दगड पडल्यासारखा खाली जातो. माझं बोट त्याच्यापेक्षा हळू आहे आणि यापुढे आणखी हळूच होणार. चोच पाण्याला टेकते तो फोटो डीएसएलआरवर नशिबाचा होता, आता सवयीचा झाला. फोकस चालू ठेवून सेकंदाला ५० फोटो मात्र ठरावीक प्रो लेन्सवरच मिळतात, हे घेताना लक्षात ठेवा. आणि पॅनासोनिकची लेन्स ओएमच्या बॉडीवर बसते, चालते, पण लेन्सचं आणि बॉडीचं स्थिरीकरण मिळून काम करत नाही. ओएम-१ चा सेन्सर स्टॅक्ड, म्हणजे झटपट वाचला जाणारा, आहे. जी९ टू चा नाही, त्यामुळे आवाज नसलेल्या शटरवर पंख वाकडे येऊ शकतात. मेकॅनिकल शटर वापरलं तर तो प्रश्न नाही.

एक वाईट गोष्ट, जी व्हिडिओत कोणी सांगत नाही. आपल्याकडचं जंगल म्हणजे बांबू, घाणेरी आणि वाळलेलं गवत. पाखराच्या मागे चार हातांवर काड्यांचं जाळं. मोठ्या तोंडाची लेन्स ते जाळं विरघळवते, लहान तोंडाची तेवढं नाही. १००-४०० एफ/६.३ वर उमरेडच्या गवतात नीलपंख काढाल तर मागची प्रत्येक काडी हजेरी लावेल. मग दोन पावलं सरकून मोकळी पार्श्वभूमी शोधायची. जिप्सीत ती दोन पावलं नसतात.

आणि एप्रिल-मे. लोक ८०० मिमी, १००० मिमीच्या गप्पा मारतात. आपल्या ४५ अंशांत सकाळी नऊनंतर तळ्याच्या गाळावरून लांबचं काही काढून पाहा. हवा इतकी थरथरते की टिटवीचा डोळा दिसेल तर शपथ. तिथे निकॉन, ओएम, फुलफ्रेम, सगळे सारखेच आंधळे. जवळ जाणं किंवा घरी जाणं.

बांबूबन

वरचा हिशेब एकदम बरोबर, आणि म्हणूनच मी वेगळं सुचवते.

टिबुकलीताई, वजन काचेत आहे ना? मग काच बदला, कॅमेरा कशाला बदलता? निकॉनची ३०० एफ/४ई पीएफ पाहिली का? २०१५ मध्ये आली. आत एक फ्रेनेल पद्धतीची काच आहे, त्यामुळे ७५५ ग्रॅमच भरते. तोंड ७५ मिमी, म्हणजे वरच्या ओएम ३०० एवढंच. तुमच्या डी७२०० वर लावून दीड किलो. आता ओएमचं करून पाहा. ओएम-१ चे ५९९, १००-४०० चे कॉलर काढून ११२०. सतराशेच्या वर गेलं. ओएमची ३०० घेतली तर साडेअठराशेच्याही वर. जी९ टू आणि पॅनासोनिक-लायकाची १००-४०० घेतली तर ६५८ अधिक ९८५. म्हणजे तुमचा "मोठा" सेन्सर या तिन्हींपेक्षा हलका निघतो.

१.४ चा टीसी-१४ई थ्री लावला की ४२० मिमी एफ/५.६ होते, १९० ग्रॅम वाढतात, डी७२०० चे सगळे फोकस पॉइंट चालतात. मी हेच वापरते. ५०० नाही मिळणार, आणि झूम नाही. हत्ती... चुकले, गवा गाडीसमोर आला की काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी तेव्हा फोटो काढतच नाही, पाहत बसते. समोरून ऊन लागलं की पीएफ काचेत एक विचित्र रंगीत चकाकी येते, संध्याकाळी तळ्यावर ती दिसते.

नागझिऱ्यात संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आधी रातवा रस्त्यावर येऊन बसतो. त्या उजेडात मी मैत्रिणीचा मायक्रो फोर थर्ड्स आणि माझा कॅमेरा शेजारी शेजारी पाहिले आहेत. दोन्ही एफ/४ वर. तिच्या फाईलवर मेहनत जास्त घ्यावी लागली, एवढं नक्की. फोटो दोघींना मिळाला.

सेमिनरी हिल्स

३०० पीएफचा मुद्दा मान्य. डीएसएलआरवर राहायचं असेल तर त्याच्यासारखी लेन्स नाही. पण डी७२०० ला पाखराचा डोळा ओळखता येत नाही, ओएम-१ ला येतो. बांबूत तोही कधी कधी काडीलाच डोळा समजतो, ते सोडा.

एफएक्सवाला

एवढा हिशेब करण्यापेक्षा जिमला जा.

बांबूबन

तुम्ही धरलेला खांदा पाहिला नाही वाटतं कधी. देव करो पाहायलाही न लागो.

टिबुकली

भांडू नका हो. बांबूबन, ३०० पीएफ माझ्या डोक्यातच नव्हती. मला वाटून राहिलं होतं की सेन्सर लहान म्हणजे आपोआप सगळं हलकं. कागदावर मांडून पाहिलं, तुमचंच बरोबर. फक्त ७५-३०० घेतली तर ओएम-१ सकट हजार ग्रॅमच्या आसपास येतं, पण ती एफ/६.७ वर जाते. म्हणजे डिसेंबरची सकाळ गेली.

मारबतीबद्दल कोणी काहीच बोललं नाही. नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी समोरासमोर येतात, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. वरून पाऊस, खालून चिखल, मधून गुलाल. १८-१४० वर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधून काढते मी. बडगे (मिरवणुकीतले पुतळे) इतके जवळून जातात की वरच्या चिंध्या लेन्सला पुसून जातात.

सेमिनरी हिल्स

मारबतीला डोळे झाकून लहान सेन्सर. तिथे एक स्टॉप, अर्धा स्टॉप विसरा. दुपार असते, उजेड भरपूर. १२-१०० एफ/४ घ्या, ५६१ ग्रॅम, तुमच्या डीएक्सच्या भाषेत १६-१३३ होईल. १२ मिमीला एफ/४ वर बडग्याच्या नाकापासून मागच्या गच्चीवरच्या पोट्ट्यांपर्यंत सगळं स्पष्ट येतं. गर्दीत हेच पाहिजे असतं. फुलफ्रेमवर एफ/८ ला जाऊन तेच मिळवावं लागतं. पार्श्वभूमी विरघळत नाही म्हणून उमरेडला आपण रडतो, इतवारीत तीच गोष्ट कामाला येते.

आणि ओएम-१ ला ठरावीक प्रो लेन्ससोबत आयपी५३ आहे. धूळ आणि पावसाचे शिंतोडे चालतात. तशी लेन्स असेल तर पिशवी घरी ठेवा. गुलाल मात्र झूमच्या खाचेत जातोच. घरी आल्यावर आधी मऊ ब्रशने झटका, मग ओला फडका. उलटं केलं तर गुलाबी लेप बसतो.

बर्डीवाला

ताई, मी बर्डीत कॅमेऱ्याच्याच धंद्यात आहो. नाव-पत्ता टाकत नाही, जाहिरात वाटते. पण पैशाचं कोणी बोलून नाही राहिलं, म्हणून सांगतो.

डी७२०० ला आता भाव नाही. चांगला ठेवला असेल तरी तुमच्या अपेक्षेच्या निम्मा सांगतील, मीही निम्माच सांगीन. २००-५०० ला अजून गिऱ्हाईक आहे. ताडोबाच्या सीझनला पोट्टे शोधत येतात. विकायची असेल तर ऑक्टोबरात विका, जूनमध्ये नाही. पावसाळ्यात कोअर बंद, लेन्स कोण घेते?

मायक्रो फोर थर्ड्स नागपुरात विकत मिळणं आणि विकून टाकणं, दोन्ही अवघड. माझ्याकडे वर्षात एखादी येते. घेणारा शक्यतो पुण्या-मुंबईचा असते. पॅनासोनिकचं सामान त्यातल्या त्यात सोपं. ओएमची बॉडी घेतली आणि काही झालं तर कुरिअरने बाहेर पाठवा, वाट पाहा. म्हणून घेतानाच विचारा की वॉरंटी कोणाची आहे, इथली की बाहेरून आणलेल्या मालाची. स्वस्त दिसते म्हणून भैताडासारखं घेतलं आणि कार्ड इथे चाललं नाही, असे लोक माझ्या काउंटरवर उभे राहतात.

जुनं घेत असाल तर दोन गोष्टी पाहजा. लेन्स खिडकीकडे धरून मागून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर फंगस आहे, सोडून द्या. आणि आयबिसची बॉडी बंद असताना हलवली तर खडखड आवाज येते, त्याला घाबरू नका, सेन्सर मोकळा असते म्हणून. लोक चांगली बॉडी त्या आवाजापायी परत करतात.

बॅटरी दोन तरी घ्या. डी७२०० मानकाप्रमाणे ११०० च्या वर फोटो देते, ओएम-१ ५२० म्हणते. जिप्सीत चार्जर नसते.

टिबुकली

उशिरा लिहिते, मार्चअखेर होती, बँकवाल्यांना विचारा.

एका ओळखीच्या काकांकडे ओएम-१ आणि १००-४०० आहे. बांबूबन यांची ३०० पीएफही मिळाली, त्या स्वतः घेऊन आल्या, त्यांचे आभार. दोन्ही घेऊन आम्ही अंबाझरीला गेलो. गळ्यात आलटून पालटून. माझी २००-५०० गाडीतच ठेवली.

३०० पीएफ हातात घेतली तेव्हा खरं सांगते, हसूच आलं. माझाच कॅमेरा, माझीच बटणं, आणि पुढे काही नसल्यासारखं. फोटोही तिचेच जास्त धारदार आले. टिबुकलीची पिल्लं आईच्या पाठीवर बसली होती, त्यांच्या डोक्यावरचे पट्टे मोजता येतात. तिथल्या तिथे तीच घ्यावी असं ठरत आलं होतं.

पण मग काकांचा ओएम-१ डोळ्याला लावला. वरच्या चर्चेत कोणीच न काढलेली गोष्ट म्हणजे चष्मा. मला जवळचं दिसत नाही. डी७२०० वर फोटो काढला की कॅमेरा खाली, गळ्यातला चष्मा वर, पडदा पाहा, ऊन असेल तर हाताचा आडोसा, चष्मा खाली, कॅमेरा परत वर. त्यातला "कॅमेरा परत वर" हाच खांद्याला नडतो. ओएम-१ मध्ये काढलेला फोटो व्ह्यूफाइंडरमध्येच दिसला. बाजूची छोटी चकती फिरवून माझ्या डोळ्याला जुळवला, चष्म्याशिवाय फोटो, हिस्टोग्राम, मेनू, सगळं वाचता आलं. कॅमेरा डोळ्यावरून काढायचं कामच पडलं नाही. उजेड कमी-जास्तही आधीच दिसतो. पांढरा बगळा जळून राहिला आहे हे काढायच्या आधी कळलं.

वजनात दोनशे ग्रॅमचा फरक आहे, तोही पीएफच्या बाजूने. पण तो फरक खांद्याला कळला नाही. किती वेळा उचलते, ते कळलं.

धुक्याचं पाहता आलं नाही, आता कुठलं धुकं. काकांनी त्यांच्या डिसेंबरच्या मूळ फाईल दिल्या, घरी पाहिल्या. सेमिनरी हिल्स म्हणतात तसंच आहे, वाळू आहे आणि ती काढता येते. मला पाखराचं पीस न पीस नको असतं. कॅलेंडरच्या आकाराला पुरतं. काड्यांचं जाळंही खरं आहे, एक मैना अशी आली आहे की झाडच मैनेचं वाटतं.

तर ठरवलं. ओएम-१ जुना मिळतो आहे, मार्क टू नाही, पहिलाच. लेन्स आधी १००-४००, आणि मारबतीआधी जमलं तर १२-१००, नाहीतर १२-४०. बर्डीवाले दादा, वॉरंटीचं तुम्ही सांगितलं तसं विचारलं, विकणारा आधी गडबडला आणि मग इथल्या दुकानाचं बिल दाखवलं.

२००-५०० ऑक्टोबरपर्यंत ठेवणार.

बांबूबन

म्हणजे माझी लेन्स आवडली आणि घेतली दुसरीच! चालतं हो. पण डी७२०० चा व्ह्यूफाइंडर बंद केल्यावरही दिसतो, हे विसरू नका. रातव्याची वाट पाहत अर्धा तास डोळा लावून बसले तर तुमची बॅटरी माझ्याआधी संपणार.

टिबुकली

तीन घेईन.

सेमिनरी हिल्स

एक काम आल्या आल्या करा. मेनूमध्ये डोळा लावल्यावरच व्ह्यूफाइंडर सुरू होईल असं ठेवा, आणि झोपेची वेळ एका मिनिटावर आणा. बॅटरी बरीच वाचते. प्रो कॅप्चर कॅमेऱ्याच्या चकतीवरच्या सी१ वर साठवून टाका, मेनूत शोधत बसाल तोवर खंड्या तेलंगखेडीला पोचलेला असेल. आणि कार्ड जुनं वापरू नका. डी७२०० ची कार्डं त्यात चालतात, पण प्रो कॅप्चरनंतर लाल दिवा लुकलुकत राहतो आणि तुम्ही वाट पाहत राहता. यूएचएस-टू (जलद कार्ड) घ्या, एक असलं तरी पुरे.

नवा सभासद

मॅडम, डी७२०० बॉडी द्यायची आहे का? भाचीला फोटोग्राफी शिकायची आहे, धरमपेठेत राहतो, येऊन बघून जाईन. बर्डीवाल्यांनी सांगितला त्या निम्म्या भावात.

टिबुकली

निम्म्यात नाही हो! व्यक्तिगत निरोप पाठवा. १८-१४० पण सोबत देते, पण लेन्स कॅप नाही, तो मारबतीत गेला.